सगळ्या सालांचं तळं

हौसा मंगळवारी सकाळी मिरजेच्या दवाखान्यात वारली. तिच्या धाकट्या भावाने, शंकररावांनी फोन केला. मी चहा गाळत होते. "कुमुदताई, अक्का गेली," ते म्हणाले. मी "बरं" म्हणाले, आणि उरलेला चहा गाळला.

त्यानंतरच्या आठवड्यात तिच्याबद्दल दोन-तीन ठिकाणी छापून आलं. निसर्गवेडी, हळव्या कुंचल्याची, प्रसिद्धीपासून दूर राहिलेली... लिहिणाऱ्यांचा हेतू वाईट नव्हता, म्हणून कुणाचं नाव घेत नाही. पण यातलं एकही विशेषण मी तसंच राहू देणार नाही. हौसाला निसर्गाचं वेड नव्हतं. एका तळ्याचा एक काठ सोडला तर तिने दुसरं काही रंगवलं नाही. हळवी तर ती मुळीच नव्हती. आणि प्रसिद्धी तिला हवी होती. फक्त अर्धवट नको होती. माणूस गेलं की त्याचे कोपरे घासून त्याला गुळगुळीत करायची आपल्याकडे रीत आहे. हौसाचे कोपरे जागेवर राहावेत एवढ्यासाठी मी हे लिहिते आहे.

आम्ही विट्याच्या एकाच शाळेत नोकरी केली. ती चित्रकलेची बाई, मी ग्रंथालय सांभाळत असे. ग्रंथालयाला आणि चित्रकलेला मिळून शाळेने एकच खोली दिली होती, मध्ये कपाटांची भिंत. पहिल्या दिवशी त्या कपाटावरून डोकावून ती म्हणाली, "काय गं, दिवसभर कागुदच खातीस व्हय? वाळवीच हायस की." तेव्हापासून शेवटपर्यंत मी वाळवीच राहिले. मुलांसमोर, मुख्याध्यापकांसमोर, माझ्या सासरच्या माणसांसमोरसुद्धा. तिचं घराणं मेंढपाळांचं. वडील पाऊसकाळ संपला की मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरायचे आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परतायचे. पुढे थोडी जमीन केली, बैलजोडी घेतली, तेव्हा घर एका जागी थांबलं. हौसा शिकली, कलाशिक्षकाचा अभ्यासक्रम सांगलीत राहून पुरा केला, पण बोली बदलली नाही. एकदा तपासणीला आलेले साहेब वर्गाबाहेर आल्यावर तिला म्हणाले, "बाई, मुलांशी शुद्ध बोलत चला." तिने दारातूनच फळ्यावर काढलेल्या झाडाकडे बोट केलं. "सायेब, त्या झाडात काय अशुद्ध दिसतंय का? मग झालं तर."

तळं तिच्या गावाचं. विट्याहून मायणीकडे जाताना डाव्या हाताला एक कच्चा रस्ता फुटतो, तो त्या तळ्यावर जातो. इंग्रजांच्या काळात बांधलेला दगडी बांध, मधोमध पाणी सोडायचा बुरूज. बांध सांगली जिल्ह्यात, समोरचा काठ साताऱ्यात. त्यामुळे गावात तिची चेष्टा व्हायची: "हौसाबाई बसती सांगलीत आन् काढती साताऱ्याला." ती दरवर्षी एकच चित्र काढायची, बेंदराच्या दिवशी, बुरुजाजवळच्या एकाच दगडावर बसून. आमच्याकडे बेंदूर म्हणजे बैलांचा सण. आषाढात येतो. त्या सकाळी गावातली सगळी जनावरं तळ्यावर धुवायला आणतात, मग शिंगं तासून त्यांना लाल हिंगूळ लावतात, गोंडे, झुली, आणि संध्याकाळी मिरवणूक. पोरींनी शिंगं रंगवायची रीत नव्हती. हौसाने लहानपणी वडिलांच्या मागे लागून ती रंगवली. "माजा पयला कागुद म्हंजी आमच्या सर्ज्याचं शिंग," ती सांगायची. "ते सारखं हालायचं. तवापासनं हालत्या गोष्टीची सवय झाली. पानी तरी दुसरं काय करतंय?"

आषाढ म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांसमोर भरलेलं तळं येईल. आमच्या पूर्व भागात तसं नसतं. पश्चिमेला कोयनेकडे धो-धो चाललेलं असतं तेव्हा आमच्याकडे नुसते ढग पळत असतात. बेंदराला तळं कधी काठोकाठ असतं, कधी बुरुजाच्या पायाशी डबकं असतं, कधी तेही नसतं. हौसा पाण्याची चौकशी न करता जायची. पाणी नसेल त्या वर्षी लोक बैलांना घरीच ओल्या फडक्याने पुसून घ्यायचे, तळ्यावर कुणी फिरकत नसे, आणि ही एकटी चित्राचा पाट मांडीवर घेऊन रिकाम्या तळ्यासमोर बसलेली. जाणारे-येणारे ओरडायचे, "आवं बाई, काय काढताय? पानी कुटं हाय?" ही मान वर न करता उत्तर द्यायची, "न्हाई तेच काढतीया."

तिच्या कामाची एक पद्धत होती, ती सांगितली नाही तर पुढचं कळणार नाही. कागद चिकटवायच्या लाकडी पाटाला तिने दोन्ही कडांना एकेक खाच पाडली होती. त्या खाचांतून दोरा ताणून बांधायचा, त्याच्या आधाराने कागदावर पेन्सिलीची आडवी रेघ ओढायची आणि दोरा सोडून टाकायचा. ती रेघ म्हणजे समोरचा साताऱ्याचा काठ. मग त्या रेघेच्या वर आकाश आणि खाली पाणी, किंवा पाण्याची जागा. कागदाचं माप तेच, बसायचा दगड तोच, रेघ त्याच उंचीवर. मी एकदा विचारलं, रेघ हातानेच का ओढत नाहीस, इतकी वर्षं झाली. ती म्हणाली, "हात म्हातारा हुतो. दोरा हुत न्हाई."

पांढरा रंग ती वापरत नसे. शाळेच्या रंगपेटीतल्या पांढऱ्या नळ्या मुलांना वाटून टाकायची. उजेड दाखवायचा असेल तिथे कागद कोरा सोडायचा. "उजेड कागदात हायच गं वाळवे. आपुन नुसतं त्येच्या वाटंत यायचं न्हाई." आणि निळा रंग तिच्या तळ्यात कधीच आला नाही, कारण त्या तळ्यात तो नव्हता. भरल्या वर्षी पाणी दुधाच्या चहासारखं, ढगांखाली जरा करडं, आणि पार पलीकडे, साताऱ्याच्या काठाला टेकून, उजेडाची एक बारीक कोरी पट्टी. जवळच्या पाण्यात बैलांच्या ओल्या पाठी आणि त्यांनी ढवळलेला गाळ. अलीकडच्या वर्षांत बैल कमी झाले, लोक ट्रॅक्टर धुवायला आणू लागले. तर तिने ट्रॅक्टर काढले. पाण्यात पडलेलं त्यांचं लाल प्रतिबिंब तिने जुन्या चित्रांतल्या शिंगांच्या हिंगुळासारखंच रंगवलंय. कोरड्या वर्षी तळात बुडालेल्या जुन्या विहिरीचं दगडी कडं वर यायचं, गाळाला भेगा पडायच्या आणि त्याचे खपले कडेने वर वळायचे. प्रत्येक खपल्याच्या कडेवर उजेड. मला सुरुवातीला ही चित्रं बघवत नसत. मग एकदा तिने भरलेल्या आणि कोरड्या सालची चित्रं शेजारी ठेवून मला विचारलं, "कोरा कागुद कशात जास्त सोडलाय, बघ." कोरड्यात जास्त होता. कितीतरी जास्त. पाणी उजेड पितं, ती म्हणाली, सुका गाळ सगळाच्या सगळा परत फेकतो.

हिच्या हट्टाचा गावाला एकदा चांगलाच प्रसाद मिळाला. एका दुष्काळी उन्हाळ्यात टँकर मागायला मोठ्या साहेबांना गावात बोलावलं होतं. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये सभा. भिंत मोकळी दिसू नये म्हणून सरपंचांनी आदल्या बेंदराचं, म्हणजे कोरड्या तळ्याचं चित्र हौसाकडून मागून नेलं होतं. तिला बरं वाटलं. टँकर मागताना हेच चित्र मागे हवं, असं तिला वाटलं. पण टांगल्यावर सरपंचांच्या मनात आलं, पाव्हणे यायचे आणि गावचं तळं असं उघडंबोडकं... बरं दिसत नाही. त्यांनी दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या पेंटरला बोलावलं. त्याने तासाभरात ऑइलपेंटने तळं भरून दिलं. गडद निळं. वर एक होडी. त्या तळ्यात होडी कधी कुणी पाहिलेली नव्हती.

सभेला मी हौसाबरोबर होते. सरपंच पाणीटंचाईवर बोलत होते, साहेब ऐकता ऐकता भिंतीकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "पण तुमचं तळं तर चांगलं भरलेलं दिसतंय!" हॉलमध्ये कुणाला हसावं की रडावं कळेना. सरपंच म्हणाले, "साहेब, ते नुसतं चित्र हाय." तेव्हा हौसा उठली. "चित्र न्हवं ते. चित्र माजं हुतं, त्येच्यावर ह्यांनी पानी वतलंय," ती म्हणाली. मग सरपंचांकडे वळून, "बापू, ऑइलपेंटनं तळं भरतंय व्हय? मग टँकर कशाला मागतायसा? आजून दोन डबं आना, हिरीबी भरून घिऊ." असं म्हणून तिने स्टूल ओढलं, वर चढून चित्र उतरवलं आणि काखेत मारून निघाली. टँकर मिळाला. तिच्यामुळे की तिच्याशिवाय, यावर गावात अजून दोन मतं आहेत.

मला वाटलं होतं ते चित्र ती फाडून टाकेल. तिने ते आपल्या सगळ्या चित्रांच्या पेटीत, त्या सालाच्या जागी, आधीच्या आणि नंतरच्या चित्रांच्या मध्ये ठेवून दिलं. मी म्हटलं, हे तुझं राहिलं नाही, काढून टाक. "त्या साली हेच झालं न्हवं?" ती म्हणाली. "तळं आटलं आन् मानसांनी त्येला निळा रंग दिला. खरं हाय की ते. ऱ्हाऊ दे."

नोकरी संपल्यावर तिला सांगलीत प्रदर्शन भरवायची संधी आली. एका दालनाचे व्यवस्थापक तिच्या घरी आले होते. सभ्य माणूस, चित्रांची जाण असलेला. त्यांनी पेटीतली सगळी चित्रं नीट पाहिली आणि भरलेल्या तळ्याची तेवढी बाजूला काढली. ही उत्तम आहेत, म्हणाले. लोकांना घरी लावावीशी वाटतील. बाकीची थोडी उदास आहेत, आणि ती निळी तर... तुम्हीच समजून घ्या. हौसाने त्यांना पुरणपोळी वाढली, वर दूध वाढलं, आणि मग म्हणाली, "सगळी लावा, न्हाई तर एक पन नको." त्यांनी कारण विचारलं. "मानसाचा नुस्ता लग्नातला फोटो दावून त्येचं आयुष्य सांगता यील का तुमाला? हे एकेकटं चित्रच न्हाई. सगळं मिळून एक हाय." व्यवस्थापक हसले, हौसा हसली नाही. प्रदर्शन झालं नाही. त्यानंतर कुणी विचारलंही नाही. मी तिला म्हटलं होतं, थोडी तरी लोकांपुढे जाऊ देत. त्यावर ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि मग काही झालंच नाही अशा थाटात शेंगदाण्याची चटणी घेऊन दारात उभी राहिली.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. दुपारची वेळ, खाट खिडकीजवळ. जेवणाच्या रिकाम्या डब्यात कुणीतरी हात धुवायला पाणी घालून तो खिडकीत ठेवला होता. त्यावर ऊन पडून छतावर उजेड हलत होता. हौसा बराच वेळ त्याकडे बघत होती. मला वाटलं झोप लागली. तेवढ्यात ती म्हणाली, "वाळवे, डबा जरा हालीव की." मी डबा हलवला. छतावरचा उजेड फुटला, पसरला, पुन्हा गोळा झाला. "पानी कमी हाय," ती म्हणाली, "तरी बग." मग शंकरराव आत आले, तेव्हा आम्हा दोघांना ऐकू जाईल असं म्हणाली, "पेटी फोडायची न्हाई कुनी. दिली तर सगळी." शंकररावांनी मान हलवली. त्या वेळी मीही हलवली. दवाखान्यात माणूस कशालाही मान हलवतो.

खरी परीक्षा नंतर आली. दहाव्याला सांगलीचे तेच व्यवस्थापक भेटायला आले. मनापासून हळहळले आणि म्हणाले, आता तरी एक स्मृतिप्रदर्शन करू. मोठं दालन, नीट चौकटी, उद्‌घाटन. चित्रं मात्र निवडावी लागतील... भरलेली. शंकरराव सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सरळ माणूस. दुसऱ्या दिवशी ते पेटी स्कूटरला बांधून माझ्या दारात आले. बहिणीचं नाव व्हावं यापलीकडे त्यांच्या मनात काही नव्हतं, हे मी आवर्जून लिहिते.

"ताई, जन्मभर तिला कुनी इचारलं न्हाई," ते म्हणाले. "आता मौका आलाय तर सोडायचा? थोडी तर थोडी. नाव तर हुईल."

"कुणाचं नाव होईल?"

"अक्काचं की."

"जी चित्रं ते लावतील ती हौसाची नसतील, शंकरराव. सरपंचांनी तेच केलं होतं. त्यांनी वरून निळा रंग दिला, हे व्यवस्थापक कोरडी सालं वगळतायत. तळं तेवढंच खोटं भरतं."

ते जरा चिडूनच म्हणाले, "अक्का तर ऱ्हायली न्हाई. मग आता हट्ट कुनाचा म्हनायचा ह्यो?"

"माझा म्हणा."

मी जन्मभर पुस्तकांच्या मागे बसलेली बाई. असं काही माझ्या तोंडून निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं, मलाही नाही. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले. आणि तांब्या खाली ठेवत म्हणाले, "मग लावायची कुटं?"

आमच्या घराला लागून माझ्या यजमानांचं बियाण्याचं गोदाम आहे. दुकान बंद झाल्यापासून रिकामं. लांब, आडवं, वरून पत्र्यातल्या काचेतून उजेड येणारं. आम्ही ते झाडून चुना दिला. शंकररावांनी कामाला सैन्यातल्यासारखी सुरुवात केली. चित्रं सरळ ओळीत लागली पाहिजेत म्हणून गवंड्याकडून लेव्हलची नळी आणली. ती पारदर्शक, पाण्याने भरलेली असते, तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीला उभं राहतं. एक टोक मी धरायचं, एक त्यांनी. "ताई, हालू नगा. पानी थांबू दे," ते म्हणायचे. पाणी थांबलं की भिंतीवर खूण. चौकटीच्या वरच्या कडेने न मोजता मी त्यांना चित्रातली ती पेन्सिलीची रेघ खुणेवर आणायला लावली. का, ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. तिचा दोरा आठवत होता, एवढंच.

शेवटचं चित्र लागलं आणि आम्ही दाराशी जाऊन मागे वळलो. साताऱ्याचा काठ भिंतभर एका रेघेत धावत होता. इकडच्या कोपऱ्यापासून तिकडच्या कोपऱ्यापर्यंत, सगळ्या सालांतून, कुठेही न तुटता. आणि त्या रेघेखाली पाणी वर येत होतं, खाली जात होतं, नाहीसं होत होतं, परत येत होतं... एखाद्या झोपलेल्या जनावराची कूस हलावी तसं. मधली कोरडी सालं नसती तर ही हालचालच नसती. नुसतं तुडुंब तळं पुन्हा पुन्हा टांगलेलं दिसलं असतं. ही चित्रं अशी एकत्र लागलेली हौसाने स्वतः कधी पाहिली नव्हती. तिच्या घरात एवढी भिंतच नव्हती. पण पाटाला खाच पाडली त्या दिवशी तिला हे दिसलेलं असणार. शंकरराव म्हणाले, "लय खवाट बाई हुती." आणि डोळे पुसले, ते माझ्याकडे पाठ करून.

सांगलीच्या व्यवस्थापकांना मी नकार कळवला, आणि इथे येऊन बघून जा असंही. ते अजून आलेले नाहीत. येतील. गावचे लोक मात्र बेंदराच्या दुसऱ्या दिवशी आले, धुतलेल्या, गोंडे बांधलेल्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून. प्रत्येकजण आपलं साल शोधत होता. "ही आमच्या सोन्या बैलाची पाठ बग", "ह्या साली आमी लेकीचं लगीन फुडं ढकललं." एका बाईने कोरड्या तळ्यातल्या विहिरीच्या कड्यावर बोट टेकवलं आणि आपल्या सुनेला सांगितलं, हितनं आमी वाटीनं पानी भरलंय. ते सरपंच आता काठी टेकत चालतात. निळ्या चित्रापुढे ते उभे राहिले.

"आमचं पाप टांगलंय व्हय बाई?"

"तुमचं साल टांगलंय, बापू."

त्यांनी काठीने होडी दाखवली. "होडी तेवढी जादा झाली," ते म्हणाले, आणि मग आधी ते हसले, मग सगळी ट्रॉली हसली.

यंदाचं चित्र नाही. तो दगड रिकामा आहे आणि मी त्यावर बसणार नाही, मला चित्र काढता येत नाही. पाट माझ्याकडे आहे, खाचांसकट. चित्रं गोदामात आहेत, सालांच्या क्रमाने, निळं त्याच्या जागी. सगळी आहेत. दाराला कुलूप नाही.